पणजोबांच्या मागे: नाशिक जिल्ह्यातल्या घराण्याचा शोध कसा घ्यावा

बहुतेक घरांत वंशावळ पणजोबांपाशी येऊन थांबते. त्यामागे उरतं ते एकच वाक्य: "आपण मूळचे अमुक गावचे." हे वाक्य जपा, कारण पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहतं. आपल्याकडची जुनी दप्तरं आडनावाने लावलेली नसतात, गावाने लावलेली असतात. तलाठ्याचं दप्तर गावाचं, कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) गावाचं, आणि रामकुंडावरच्या गुरुजींची, म्हणजे तीर्थपुरोहितांची, वहीसुद्धा गाव सांगितल्यावरच उघडते. आडनाव तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदींत कित्येकदा नसतंच. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव, एवढ्यावर काम चालायचं.

म्हणून शोधाची सुरुवात कचेरीत करू नका, घरात करा.

आधी आत्या, मग काका

वंशावळ म्हटलं की आपण घरातल्या थोरल्या पुरुषाकडे जातो. माझा आग्रह आहे की आधी आजीकडे, आत्याकडे, चुलत आत्याकडे जा. लग्न होऊन बाहेर गेलेल्या बाईच्या मनात माहेरचं घर ती निघाली त्या दिवशीचं असतं: ओटीवर कोण बसायचं, कोणती चुलती विधवा होती, कुणाचं कुणाशी बोलणं नव्हतं. घरात राहिलेल्या माणसांच्या आठवणी पुढच्या घडामोडींखाली दबून जातात.

"वंशावळ सांगा" असं विचारलं तर चार नावं मिळतील आणि बोलणं संपेल. त्यापेक्षा असं विचारा: तुमच्या लग्नात मानाचे आहेर कुणाकुणाला केले? मुराळी म्हणून कोण यायचं? कुलदैवताला कुणाबरोबर जायचे? घरात कुणी गेलं तर सुतक कुणाकुणाला यायचं? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. ज्या घरांचं सुतक आपल्याला येतं ती आपली भावकी, मग आडनाव वेगळं असो की गाव वेगळं. दोन पिढ्यांपूर्वी फुटून दुसऱ्या तालुक्यात गेलेली शाखा पुष्कळदा याच प्रश्नातून सापडते. कुलदैवत, देवक, आणि नवरात्रात किंवा चंपाषष्ठीला घरात काय करतात हेही लिहून घ्या. घराणं स्थलांतर करतं तेव्हा कुळाचार बरोबर नेतं.

वर्षं कुणालाच आठवत नाहीत, मोठे प्रसंग मात्र सगळ्यांना आठवतात. नाशिककडे त्यासाठी चांगले टेकू आहेत. १९७२ चा दुष्काळ, १९६९ चा गोदावरीचा महापूर, १९४८ ची गांधीहत्या, आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ: १९३२, १९४४, १९५६, १९६८, १९८०. "सिंहस्थाच्या वर्षी मी पाळण्यात होते" असं कुणी म्हणालं की जन्मसाल हाताशी आलं. त्याही मागे जायचं तर १८९७ च्या आसपासचा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला जुनी माणसं मानमोडी म्हणत. त्या साथीत एकाच घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि जुना फोटो समोर ठेवून बोला. फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

माळ्यावरची पेटी

खरेदीखतं, सावकाराच्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले, जन्मपत्रिका हे लोक शोधतातच. दोन गोष्टींकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. पहिली म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. "आपले विनीत" खालची नावं ही त्या वर्षीच्या भावकीची यादीच असते, आणि वधूपक्षाचं गाव छापलेलं असतं. दुसरी म्हणजे भांडी. पितळी घागर, पातेली, ताट, तांब्या उजेडात तिरपा धरून पाहा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, बऱ्याचदा तारीखही असते, आणि देणाऱ्याचं नातं असतं. सरकारी कागदावर कधीच न आलेल्या पणजीचं माहेरचं नाव एखाद्या तांब्यावर सापडू शकतं. घासून अक्षरं पुसट झाली असतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा.

जुने कागद लॅमिनेट करू नका. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की ते सुटत नाही. सुती कापडात ठेवा आणि आधी फोटो काढून घ्या.

गंगेवरची वही

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठावरची ही वही म्हणजे नाशिकच्या माणसाचं मोठंच भाग्य आहे. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर येतात, आणि तिथल्या तीर्थपुरोहितांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत. कोणत्या भागातला, गावातला, समाजातला यजमान कोणत्या गुरुजींकडचा हे ठरलेलं असतं. त्यामुळे पंचवटीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो: गाव कोणतं? मग आडनाव. दोन-चार जणांना विचारत गेलं की योग्य घर सापडतं.

जाण्यापूर्वी एका कागदावर मूळ गाव, तालुका, आडनाव, पूर्वीचं आडनाव किंवा उपनाव, आजोबा-पणजोबांची नावं आणि अस्थी घेऊन कोण, साधारण कधी आलं होतं हे लिहून न्या. पितृपक्षात आणि सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका, गुरुजींना मान वर करायला फुरसत नसते. इतर दिवशी, सकाळचे विधी आटोपल्यावर जा. दक्षिणा मनापासून द्या. ही वही कुठल्या सरकारी अनुदानावर टिकलेली नाही, त्या घरांनी ती सांभाळली म्हणून आज आहे.

वहीतली नोंद साधारण अशी असते: येणाऱ्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, चुलते, मुलं, गाव, येण्याचं कारण आणि तिथी. पुष्कळदा येणाऱ्याने ती स्वहस्ते लिहिलेली किंवा सही केलेली असते. पणजोबांची सही दिसली की माणूस तिथेच थबकतो. पण थबकून एकच नोंद पाहून परतू नका. त्याच गावच्या मागच्या-पुढच्या पानांवर चुलत घरांच्या नोंदी असतात, तिथे भावंडं सापडतात. फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या. नकार आला तर हाताने उतरवून घ्या आणि जुनं अक्षर गुरुजींकडूनच वाचून घ्या. निघताना आपल्या आजच्या पिढीची नावंही नोंदवा, मुलींची आणि सुनांचीसुद्धा.

नोंद सापडली नाही तर निराश होऊ नका. पुरोहितांच्या घरांतही वाटण्या होतात आणि वह्या वाटल्या जातात, तेव्हा त्यांच्या भावकीत विचारा. आणि गाव बदलून पाहा. तुमचे पणजोबा निफाडचे असतील, पण त्यांचा बाप सिन्नरहून आलेला असेल तर नोंद सिन्नरच्या गावाखाली असेल.

श्राद्ध करणाऱ्या घरांसाठी आणखी एक सोपी वाट आहे. पार्वण श्राद्धात बाप-आजा-पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा-पणजोबा यांचाही उच्चार होतो. घरचे भटजी वर्षानुवर्षं हीच नावं म्हणत आले असतील तर त्यांच्या टिपणवहीत ती असतात.

सातबाऱ्यावरून मागे मागे

ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्यासाठी हा सर्वांत भक्कम रस्ता. आजच्या सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे, क्रमांक असतात, आणि हस्तलिखित उताऱ्यांवर ते वर्तुळात लिहिलेले दिसतात. नावाला कंस केला असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागवा. त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल. मग त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो मागवा. अशा कड्या जोडत मागे जायचं.

जुना वारस फेरफार कसा बोलतो ते पाहा. समजा मजकूर असा आहे: "खातेदार सखाराम बिन राघो हे मयत. वारस मुलगे १) राघो २) अज्ञान नामदेव, पालनकर्ती आई भागीरथी कोम सखाराम. वर्दीवरून नोंद केली." चार ओळींत तीन पिढ्या आल्या. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको, काही कागदांत तिथे "मर्द" किंवा "भ्रतार" लिहून पुढे नवऱ्याचं नाव येतं. नामदेव अज्ञान होता, म्हणजे बाप गेला तेव्हा तो लहान होता आणि आईने घर चालवलं. थोरल्या मुलाला आज्याचं नाव दिलेलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एकाच गावात दोन राघो आणि तीन सखाराम भेटतील.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलीही दिसू लागतात, लग्नानंतरच्या नावाने आणि सासरच्या गावासह. पाठोपाठ बहुतेकदा हक्कसोडपत्राची नोंद येते. तिथे त्या बाईचं नाव माहेरच्या उताऱ्यावरून जातं, पण तुमच्या हाती तिचं सासर लागलेलं असतं. त्या गावी जा. आत्यांच्या शाखा अशाच जोडता येतात.

एक अडथळा हमखास येतो. आज गट नंबर आहे, जुन्या कागदावर सर्व्हे नंबर. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची एकत्रीकरण योजना झाली तेव्हा नंबर बदलले. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा घेतला की जुना नंबर कळतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली, म्हणून फेरफारांची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत नेते. त्यामागे क्लासर रजिस्टर, प्रतिबुक, शेतवार पत्रक अशी मोजणीच्या काळची पुस्तकं आहेत, तीही भूमी अभिलेखकडे.

कचेरीत जाण्यापूर्वी घरबसल्या बघा. "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेले आहेत आणि त्यात नाशिक जिल्हा आहे. गाव आणि नंबर टाकून शोधायचं. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. अर्जात "आमचे सर्व जुने कागद द्यावेत" असं लिहिलं तर काही मिळत नाही. गाव, सर्व्हे नंबर, नमुना आणि वर्षांचा पल्ला स्पष्ट लिहा.

घर जुन्या नाशकात किंवा पंचवटीत असेल तर सातबारा नाही, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका बघायची. तिच्याबरोबर चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. वाडा कुणाकडून कुणाकडे आला आणि वाटण्या कशा पडल्या हे त्या नोंदवहीत लिहिलेलं असतं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी भावकीला सांगा. चुलत घरातल्या कुणी जुने फेरफार काढले की पहिली शंका हिश्शाचीच येते. काम कशासाठी चाललंय हे आधी सांगितलं आणि मिळालेली प्रत्येक नक्कल सगळ्यांना दिली, तर तीच माणसं स्वतःची पेटी उघडून देतात.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतं, फक्त मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात आणि तारीख. त्यामुळे आजोबांचं नाव शोधत बसू नका, पणजोबांचं शोधा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी ही पुस्तकं, जुने महसुली कागद आणि शाळांची रजिस्टरं राज्यभर तपासली गेली, आणि सापडलेल्या पुष्कळ नोंदी जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर आल्या. दाखल्याची गरज नसली तरी आपलं गाव तिथे जरूर पाहा.

शाळेत "जनरल रजिस्टर" मागायचं. त्यात पालक, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी धरू नका. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर हीच तारीख टाकत.

मोडी आणि सनावळ्या

१९५० च्या आधीचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. सगळी मोडी शिकायची गरज नाही. आपल्या गावाचं नाव, घराण्यातली चार-पाच नावं आणि बिन, कोम, मौजे, मयत हे शब्द मोडीत ओळखता येऊ लागले की पान चाळता येतं. नेमकं पान सापडल्यावर ते जाणकार लिप्यंतरकाराला द्या.

सनांचे हिशेब सोपे आहेत. शकात ७८ मिळवा, म्हणजे शके १७९१ म्हणजे इ. स. १८६९. तिथी वर्षाच्या अखेरीची, माघ-फाल्गुनातली, असेल तर ७९. फसली सनात ५९०, सुहूर सनात ५९९. हे दोन्ही सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतात, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी एक वाढवा. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत येतो आणि तो एककापासून वाचायचा: "सबा सितैन मया व अलफ" म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६७, म्हणजे इ. स. १७६६-६७.

कागदावर "जिल्हे अहमदनगर" दिसलं तर दुसऱ्याच घराण्याचा समजून बाजूला ठेवू नका. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी नाशिक, सिन्नर, निफाड हा भाग नगरकडे होता आणि मालेगाव, बागलाणचा भाग खानदेशात. मुघल अमदानीतल्या कागदांत तर नाशिकचं नावच गुलशनाबाद आहे. पेठ १८७८ पर्यंत आणि सुरगाणा स्वातंत्र्यापर्यंत संस्थान होतं.

घराण्यात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात, जाण्यात अर्थ आहे. तिथे कागद रुमालांत बांधलेले आहेत. गाव, परगणा आणि वतनाचा प्रकार माहीत असल्याशिवाय तिथे गेलं तर दिवस वाया जातो.

ज्यांना वहीत जागा मिळाली नाही

वर सांगितलेले रस्ते जमीन असलेल्या आणि देवळात प्रवेश असलेल्या समाजांना सोयीचे आहेत. ज्यांना काळाराम मंदिराच्या दारात उभं राहण्यासाठी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, त्यांचे पूर्वज गंगेवरच्या वहीत सापडतीलच असं नाही. त्यांनी वतनाच्या कागदांपासून सुरुवात करावी. महार वतनी जमिनींच्या नोंदींत हक्कदारांची नावं शाखांसह येतात, आणि कनिष्ठ वतनं रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानंतर जमिनी पुन्हा देताना झालेले फेरफार फार बोलके आहेत. सत्याग्रहात घरातलं कुणी गेलं होतं का हेही विचारा, आणि असेल तर आधी त्या माणसाची हकीकत लिहून घ्या.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या आदिवासी कुटुंबांसाठी वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांच्या फायली बघाव्यात. दाव्याला पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडलेले असतात. त्या जबाबांत कोण कुठून आलं आणि कुणी रान मोकळं केलं हे लिहिलेलं असतं.

मुस्लिम घरांनी काझींकडची निकाहाची रजिस्टरं पाहावीत. मालेगावच्या मोमीन विणकरांची बरीच घराणी १८५७ नंतर उत्तरेतून आली, तेव्हा तिकडच्या गावाचं नाव घरात टिकलंय का ते आधी विचारा. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं आहेत. शरणपूरची मिशनची वस्ती एकोणिसाव्या शतकातली आहे.

पूर्वज फौजेत होते तर ज्या पलटणीत होते तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

जुळवताना

कोणतंही नातं एका कागदावर पक्कं धरू नका. वही आणि फेरफार, किंवा फेरफार आणि कोतवाल बुक, असे दोन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले पुरावे जुळले तरच ठळक रेघ ओढा. बाकीचं तुटक रेघेने दाखवा. दोन पिढ्यांत पंधरा वर्षांचं अंतर निघालं तर दोन माणसं एक झालीत किंवा एक पिढी गळलीय. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं हे लिहा: कुणाच्या तोंडून, कोणत्या गावचा कितवा फेरफार, कोणत्या गुरुजींची वही.

शोधात दत्तक, दुसरं लग्न, गहाण पडलेली जमीन, तुरुंगवास असं काही ना काही निघतंच. ते पुसू नका. मात्र हयात माणसांना त्रास होईल असं काही असेल तर ते घरच्या प्रतीत ठेवा, वाटायच्या प्रतीत घालू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते तर कुठल्याच सार्वजनिक ठिकाणी टाकू नका.

वंशावळीचा तक्ता काढताना मुलींच्या शाखाही पुढे चालवा. त्यांना "अमक्याला दिली" म्हणून तिथेच तोडू नका. तक्त्याच्या प्रती काढून भावकीत आणि आत्यांच्या घरी द्या, आणि शेजारी कोरी जागा सोडा. लोक पेनाने दुरुस्त्या करून परत देतील, आणि पुढच्या खेपेला तहसीलमध्ये कोणता फेरफार मागायचा हे त्यांतूनच कळेल.